गल्लीत अंथरलेलं चित्र

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मी बी.ए. होऊन सोनाळ्याच्या शाळेत लागलो. उंद्रीच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही झालेलं नव्हतं. मिळालेलं शिक्षण कोणाच्या तरी कामी यावं असं मनातून वाटायचं, पण कसं ते कळत नव्हतं. ते मला नांदुऱ्याच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या सरांमुळे कळलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून सर बसने सोनाळ्याला येत. मग आम्ही दोघं सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका कोरकू गावात चालत जायचो. सरांच्या खांद्यावर बदामी कागदाची गुंडाळी, माझ्या पिशवीत गेरू, नीळ, खडूची पूड आणि डिंक. त्या गावात शाळा नव्हती. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येक मुलाला कागदाचा वेगळा तुकडा फाडून दिला. मुलांनी थोडा वेळ तो हातात धरला, आपसांत काही कुजबुज केली, आणि आमचाच डिंक लावून सगळे तुकडे पुन्हा जोडले. मग त्या एका कागदाभोवती चारी बाजूंनी बसून रंगवू लागली. सर खो खो हसले. त्यानंतर त्यांनी कागद कधी फाडला नाही.

पण ज्वारी दाण्यावर आली आणि गावचे पटेल, म्हणजे पाटील, सरांना म्हणाले, "मास्तर, पोरं इथं बसली त पाखरं कोन हाकलन? येत्या शनवारी, आतापर्यंत काय केलं ते गावाले दाखवा. लोकायले पटलं त पुढं चालू द्या, नाही त बंद."

त्या शनिवारी सर वाटेत दोनदा थांबून मुलांची चित्रं उलगडून पाहत राहिले. त्यांना मुलांचा लळा लागला होता.

गावात पोचल्यावर सरांनी दोन खांबांना दोरी बांधून मुलांचं सगळ्यात मोठं चित्र टांगलं. त्यात गावच काढलेलं होतं. लोक जमले. पटेलांनी मान वाकडी करून पाहिलं.

"माहं घर डोक्यावर काऊन उभं हाये?"

"घरानं बी घेतली असन बे थोडी!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसत सुटले. खरोखरच वरच्या ओळीतली सगळी घरं उलटी होती. सरांचा चेहरा उतरला. आता संपलं, असं मलाही वाटलं.

तेवढ्यात एक मुलगी पुढे आली. "टांगलं काऊन? ते खाली ठेवाचं हाये."

सरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, दोरी सोडली आणि चित्र गल्लीच्या मधोमध अंथरलं. त्या गावात घरांच्या दोन ओळी होत्या, समोरासमोर, मधे गल्ली. मुलांनी आपापल्या बाजूला बसून आपापली ओळ काढली होती. लोक दोन्हीकडून वाकले. ज्याचं घर ज्या बाजूला, तो त्या बाजूने पाहू लागला, आणि एकही घर उलटं राहिलं नाही.

मग जो गलका झाला! "हे आपलं कुडाचं घर." "हा तुया बकऱ्याचा गोठा." एका म्हातारीने पलीकडच्या बाईला चिडवलं, "तुयं घर माह्यापेक्षा बारीक काढलं वं!" सर उकिडवे बसून एकेका मुलाला विचारत होते, हे कोणी काढलं, ते कोणी काढलं. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

पटेल मात्र आपल्या दारापाशी बोट ठेवून बसले होते. "इथं माहे बैल असतात. ते कुठी गेले?"

"रंग सरला, बाबा," ती मुलगी म्हणाली.

पटेल सरांकडे वळले. "मास्तर, पुढच्या शनवारी पांढरा जास्तीचा आणा. माहे दोन्ही बैल पांढरे हायेत. तवापर्यंत पाखरं आमी हाकलतो."