पुढच्या सालासाठी धरलेली खोली

देगलूरच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात शेगडी होती आणि दुसऱ्या हातात प्रज्ञाचा हात. दहावी झालेली माझी लेक, चारचौघांत हात सोडवून घ्यायला बघत होती. सासूबाईंनी निघताना घरी त्रिशरण म्हणून घेतलं होतं. माझे वडील खिडकीशी येऊन म्हणाले, "बिनघोर जा. घर काय पळून जात न्हाई." प्रज्ञाचे बाबा गाद्यांच्या वळकटीसाठी कंडक्टरशी हुज्जत घालत होते. मोटार वायंडिंगचं दुकान टाकून त्यांना येता येणार नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे सांगताना पंचाईत होते. बदली नाही, भांडण नाही, तरी बाई संसार सोडून परगावी खोली करून राहते. कशाला, तर लेकीला बारावीनंतर डॉक्टरकीसाठी नीटच्या परीक्षेला बसायचंय. लातूरच्या आमच्या इमारतीत प्रत्येक खोलीत अशीच एक आई आणि एक लेकरू. कुणी देवणीची, कुणी कंधारची. आम्हाला नावं नव्हती, अमक्याची आई एवढीच ओळख. पोरं अभ्यासाला बसली की मिक्सर बंद आणि बोलणं खुणांनी. रविवारी क्लासमध्ये टेस्ट असायची. मार्क विचारायचे नाहीत असं सगळ्यांचं ठरलेलं, म्हणून पोरगं दारात चपला कशा काढतं यावरून आम्ही ओळखायचो. प्रज्ञाच्या चपला दोन दिशांना पडल्या की मी त्या गुपचूप उचलून जोडीनं लावायची.

देगलूरची आठवण भाजी घेताना यायची. आमच्याकडे अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत घासाघीस केल्याशिवाय वांगी घेतल्यासारखी वाटत नाहीत. नणंद फोनवर विचारायची, "दिवसभर काय करून राहिलीस गं तिथं?" काय सांगणार? मी काळजी करत होते. तेच माझं काम होतं आणि मी ते मन लावून करायची.

परीक्षा तोंडावर आली की लातूरचे घरमालक विचारतात, खोली सोडणार की ठेवणार? कारण नंबर नाही लागला तर पोरं रिपीट करतात आणि निकालानंतर खोल्या मिळत नाहीत. प्रज्ञाच्या बाबांनी मला न विचारता घरमालकीण महानंदाकाकूंना फोन करून खोली धरून ठेवायला सांगितली. त्यांना वाटलं, शहाणपणाचं काम केलं. काकू मनानं साध्या. नळावर प्रज्ञाला म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नको माय. तुझ्या बाबांनी पुढच्या सालाला बी खोली धरून ठेवलीय."

प्रज्ञा भरलेली बादली तिथंच टाकून वर आली. त्यानंतर ती पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची नाही. जेवताना एकदाच म्हणाली, "बाबाला आधीच माहिती हाय ना, माझा नंबर लागत न्हाई म्हणून?"

मी नवऱ्याला फोनवर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे, "अगं, तिच्याच भल्यासाठी केलं," एवढंच म्हणत राहिले. मी काकूंना सांगितलं, खोली सोडली. नुसतं सांगून प्रज्ञाला पटेना, म्हणून टेम्पो बोलावला आणि कॉट, कूलर, शेगडी सगळं देगलूरला पाठवून दिलं. कंधारची शेजारीण जिन्यात उभी राहून म्हणाली, "पेपरच्या तोंडावर कुणी संसार हलवतं का? येडी झालीस का काय?" झालेच होते. शेवटचे दिवस आम्ही मेसचा डबा खाल्ला आणि फरशीवर सतरंजी टाकून झोपलो. लेकीला विश्वास दाखवायला निघालेली मीच रात्री पडल्या पडल्या टेम्पोचं परतीचं भाडं मोजत होते. पण प्रज्ञा पुन्हा पानं उलटायला लागली.

डॉक्टरकीला नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला. निकाल लागला तेव्हा आम्ही देगलूरलाच होतो. प्रज्ञाचे बाबा मान खाली घालून बसले. मी मनातल्या मनात पुन्हा भांडी बांधायला लागले, आता लातुरात खोली कुठं मिळणार याचा हिशोब सुरू झाला.

"आई, मी ह्याच मार्कांवर उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीला जाते," प्रज्ञा म्हणाली. "लातूर नको आता."

"अगं, मी येते की संगं."

"तेच नको. मला पेपराची भीती वाटत नव्हती. तू माझ्यासाठी घर सोडून राहिलीस, आता तुला रिकाम्या हातानं घरी कसं न्यावं, हेच डोक्यात चालू होतं."

लेकीसाठी घर सोडलं, असं मी दोन वर्षं येईल त्याला कौतुकानं सांगत होते. ऐकणाऱ्यांत तीही होती. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

आता ती उदगीरला होस्टेलवर असते आणि शनिवारी घरी येते. उन्हाळा सरत आला की आमच्या गल्लीतून कुणी ना कुणी आई लातूरला निघते आणि काय काय न्यावं ते मला विचारायला येते. मी कूलर सांगते, गाद्या सांगते. त्यापुढचं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून हे लिहिलं.

मागच्या शनिवारी प्रज्ञा दारातूनच ओरडली, "आई, एका विषयात उडाले! जेवायला काय हाय?" मला काळजी वाटली, लई वाटली. पण ती ते सांगून सरळ ताटावर येऊन बसली होती. मी भाकरी वाढली.