सातव्या मजल्यावरचा वास

घरोघरी जाऊन गॅसच्या पाइपची तपासणी करायची, हे माझं काम. अंगात जाकीट, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत गळती शोधायचं यंत्र आणि साबणाच्या पाण्याची बाटली. लोक दार उघडतात ते ‘आता ही काय खुसपट काढते’ अशा चेहऱ्याने, आणि मी खुसपट काढतेच. कुणी कबुतरं येतात म्हणून हवेचं भोक वर्तमानपत्राने बुजवलेलं असतं, कुणी वॉल्ववरच ओली फडकी वाळत घातलेली असतात. बोलल्याशिवाय मला राहवत नाही. गोडीत सांगून झालं की मग माझ्या पद्धतीने सांगते.

करंजाड्यातल्या त्या सोसायटीत गेले तेव्हा सेक्रेटरी स्वतः सोबत आले. लिफ्टमध्ये एक नोटीस चिकटवलेली होती. सातव्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या घरातून मासळीचा उग्र वास येतो, वारंवार सांगूनही फरक नाही, सबब महिनाअखेर घर रिकामं करावं. मी वाचतेय हे पाहून सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, तिथे वास येईल. घाबरू नका, ती सुकट आहे. म्हातारी कुणाचं ऐकत नाही.”

मी लिफ्टचं सातचं बटण दाबलं. मी मूळची उरणजवळच्या करंजाची, बापाची मासेमारीची बोट होती. पण ऑफिसात हे मी कधी आपणहून सांगितलं नव्हतं. डब्यात मासळी नेत नसे. कुणी नाक मुरडलं तर मीही हसून सोडून देई. आज त्याची लाज वाटते, तेव्हा मात्र मला तो शहाणपणा वाटायचा.

आजींनी दार उघडलं. मुलगा बंदरावर कामाला गेलेला, घरात त्या एकट्याच. ओटा घासूनपुसून लख्ख. भिंतीला टेकवून मुलाने आणलेली खोकी ठेवली होती, सामान भरायला. त्यातलं एकही अजून भरलेलं नव्हतं. मी यंत्र शेगडीजवळ धरलं, मीटरजवळ धरलं. आवाज नाही. पाइपमधला दाबही बरोबर होता. पण वास होता, आणि सेक्रेटरी दारातच नाकाला रुमाल लावून उभे होते.

“सुकट कुठे ठेवता, आजी?” मी विचारलं.

“सुकट नाय घरात. दोन महिने झाले, पोरीकडं उरणला धाडली. तरी बोलतात, वास येतो. वास मना बी येतो. पन यो माजा नाय, ह्ये कोनी आयकत नाय.”

“जास्ती कवा येतो?” माझ्या तोंडून घरची भाषा निघून गेली.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तू कुटली गो, बाय?”

“करंजाची.”

“मंग तूच हुंग ना. आपली सुकट अशी वासते काय?”

नाहीच. सुकटीचा वास खारा. नाकात घर करतो हे खरं, पण त्यात भूक असते. हा कुजकट होता. पाइपच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावं म्हणून तो कुजकट वास मुद्दाम मिसळतात. आणि हा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. मी मागच्या बाल्कनीत गेले. सगळ्या मजल्यांचे पाइप तिथल्या डक्टच्या उभ्या पोकळीतून वर येतात. यंत्र धरलेला हात मी डक्टमध्ये खाली सोडला, तसं ते ओरडायला लागलं.

आम्ही जिन्याने सहाव्या मजल्यावर उतरलो. वासाची लेखी तक्रार इथल्याच बाईंनी केली होती, असं सेक्रेटरी उतरता उतरता म्हणाले. सेक्रेटरी बेल दाबायला निघाले, मी त्यांचा हात धरला. बटणाची ठिणगीसुद्धा मला नको होती. दार ठोठावलं.

“आमच्याकडे काही नाही हो, वरूनच येतो,” म्हणत बाईंनी आत घेतलं. मी आधी खिडक्या उघडल्या आणि एकाही बटणाला हात लावू नका म्हणून बजावलं. ट्रॉल्यांचं नवंकोरं स्वयंपाकघर, पाइप कपाटात बंदिस्त. खालचा ड्रॉवर काढून ठेवला. ढकलताना त्याची कड रोज रबरी नळीवर घासत होती. साबणाचं पाणी लावताच बुडबुडे आले. वॉल्व बंद केला. कपाटाची मागची बाजू सुताराने डक्टकडे उघडीच ठेवली होती, म्हणून यांचा गॅस यांच्या घरात न साठता आजींच्या दारी जात होता. बाई तो ड्रॉवर हातात घेऊन त्याची कड चाचपायला लागल्या. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू, पण रागही आला.

सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. “मॅडम, अहवालात किरकोळ दुरुस्ती असं लिहा. आणि गळती कुणी कळवली, त्या रकान्यात माझं नाव घाला.”

“तुम्ही तर मला घाबरू नका म्हणाला होतात,” मी म्हटलं. “मी कोळ्याघरची मुलगी आहे. सुकट कशी वासते आणि गॅस कसा वासतो, दोन्ही मला कळतं.” इतकी वर्षं गिळलेलं वाक्य भर पॅसेजमध्ये बाहेर पडलं, आणि मला फार बरं वाटलं. अहवालात गळतीचं कारण मी सविस्तर लिहिलं. कळवणाऱ्याच्या रकान्यात आजींचं नाव घातलं आणि सहीसाठी पुन्हा वर गेले.

आजींनी चष्मा शोधला. एकेक अक्षर जोडत सही केली. तोवर सेक्रेटरी मागून आले होते. रुमाल आता खिशात होता.

“आजी, ती नोटीस काढून टाकतो मी. आता काही प्रश्न नाही, तुम्ही राहू शकता इथे.”

आजींनी पेन माझ्या हातात दिलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

“मी कुटं चालले व्हते?”