राक्षसांच्या खेळातले दोघे भाऊ

कारंज्याच्या बाजारात माझ्या वांग्यांशेजारी एक गादीवाला बसते. गिऱ्हाईक नसलं की भुवईवरचा कापूस न झटकता तो मोबाइलवर राक्षसांची मारामारी खेळते. मले तो खेळ पोरकट वाटते, आन् मी तसं तोंडावर सांगतो.

"बापू, जोर पाहा ना याचा," तो म्हणते. "एका फटक्यात आडवा करते. फक्त वळाले टाइम लागते, मंग पाठ उघडी पडते."

समोरचा राक्षस त्याचा वाशीमचा धाकटा भाऊ चालवते. दुकानाच्या वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद आहे. दुपारी हा खेळ तेवढा होते.

परवा भावाचा राक्षस जागचा हललाच नाही. गादीवाल्यानं बोट वरच धरलं.

"मार ना, काहून थांबला?"

"भावाच्या छातीत दुखून राह्यलं म्हणे, बापू. वाशीमचं एक गिऱ्हाईक सांगून गेलं."

डावाची वेळ संपली. मग त्यानं खेळातली सगळी बटनं दाबून पाह्यली. लाथ होती, बुक्की होती, तोंडातून आग होती.

"कसा आहेस, हे विचाराची सोयच नाही यात."

"मंग फोन लाव."

"त्यानं लावावा. मोठा मी आहो."

मीबी घरात मोठाच. मले त्याचं पटलं. त्यानं नवा डाव मांडला आन् आम्ही दोघं पाहत बसलो. समोर कोणी आलं नाही.