खाली जाणारे स्तंभ

कपड्यांना नीळ घालताना अजूनही मुरुम गावची शाळा आठवते. एका दुष्काळात सरांनी आम्हाला गावातल्या विहिरींना किती दोर लागतो ते मोजून आणायला लावलं आणि त्याचा स्तंभालेख काढायला सांगितला. मी निळीनं स्तंभ रंगवले, पण सगळे खाली जाणारे.

वर्ग हसला. "अगं, स्तंभ वर काढायचे," सर म्हणाले.

"पण सर, दोर तर खालीच जातोय की!"

सरांनी कागद तसाच भिंतीवर लावला.

संध्याकाळी मला न्यायला आलेली आई त्यापुढं थांबली. तिला अक्षरओळख नव्हती. कागदाच्या पार तळाला टेकलेल्या स्तंभावर तिनं बोट ठेवलं. "ही आपली हीर, व्हय गं?"

आईला माझा आलेख वाचता आला, म्हणून मी तेव्हा हरखून गेले होते. तिच्या हातावरचे दोराचे घट्टे मला आज दिसतात.