न रडणाऱ्या झोळ्या

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई कंधारजवळ सरकारी कामावर खडी फोडायची. धाकटी बहीण बाभळीला बांधलेल्या झोळीत. अशा झोळ्यांची रांगच असायची आणि दिवसभर रडण्याचा कालवा. एक गप्प झालं की दुसरं सुरू. आई हातोडा टाकून पळायची, मुकादम शिव्या घालायचा. वडील म्हणायचे, "पोरगं शिकलं तरच ही खडी सुटंल." मी शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, बी.फार्म. हे मी छाती पुढं काढून सांगतो.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथं ड्रग इन्स्पेक्टर होतो. ऑफिसला पाटी आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. आणि पाऊस पुन्हा गायब.

उदगीरला मेडिकल दुकानं तपासायला निघालो होतो. भर दुपारी जीप तापली. ड्रायव्हर हनीफभाई म्हणाले, "साहब, पानी के बिना नहीं हिलती ये." शेजारीच रोजगार हमीचं काम चाललं होतं. पाणी मागायला उतरलो.

हातोड्यांचा आवाज येत होता. पण काहीतरी कमी होतं. काय ते कळेना. मग बाभळी दिसल्या. झोळ्या लोंबत होत्या, वाऱ्यानं हलत होत्या. आवाज एकीतूनही नाही.

जवळ गेलो. पोरं डोळे अर्धे उघडे ठेवून पडलेली. एकाच्या ओठावर माशी फिरत होती. ते तोंडसुद्धा हलवेना.

"लई गुणी लेकरं हायत," मागून आवाज आला. पोरं सांभाळणारी गंगाबाई. "कुणी किरकिर करत न्हाई."

मी त्या पोराची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. छातीवर हात ठेवला. श्वास आला. पुढचा येईना. मग आला.

"मावशी, काय पाजलं ह्याला?"

"दवा. बोटभर चाटवते. आज आईनं बी सकाळी पाजली होती वाटतं."

पदराखालून तिनं बाटली काढली. खोकल्याचं सिरप, मोठ्या माणसांचं. त्यात कोडीन. कोडीन म्हणजे अफूच्या घराण्यातलं औषध. खोकला दाबतं, जास्त झालं की श्वासही दाबतं.

आई धावत आली. शेवंता तिचं नाव. "रडलं की दूध पाजायला जावं लागतंय साहेब, आन् गेलं की मुकादम अर्धी हजेरी कापतो. म्हणून समद्याच देतात. उठंल न्हवं त्यो?"

बाकीच्या झोळ्यांतले श्वास तपासले, ते नीट चालले होते. मी मुकादमाला म्हणालो, "पाणी द्या, जीपला."

"टँकर उद्या येणार हाय. प्यायला पुरंना, गाडीला कुठून देऊ?"

बाया उठल्या. एकेकीनं आपापला तांब्या आणून रेडिएटरमध्ये ओतला.

उदगीरच्या दवाखान्यापर्यंत मी त्या पोराच्या तळपायाला टिचक्या मारत राहिलो. थांबलो की त्याचा श्वास थांबायचा. शेवंता पोराकडं बघत नव्हती, माझ्या बोटाकडं बघत होती. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. संध्याकाळी पोरानं हात झाडला.

मग शेवंताला विचारून सिरपचं दुकान गाठलं. मालकाला सगळे अप्पा म्हणायचे.

"अप्पा, चिठ्ठीशिवाय हे देता?"

"दुष्काळात धूळ लई, साहेब. खडीवरल्या लेकरांना खोकला हाय म्हणून बाया नेतात."

"खोकला असता तर आवाज आला असता, अप्पा."

इथं थोडं समजावून सांगतो. औषधाची सवय किती लागते, गैरवापर किती होतो, हे बघून सरकार त्याची प्रतवारी करतं. साधी डोकेदुखीची गोळी कुणालाही मिळते. 'शेड्यूल एच'च्या औषधाला डॉक्टरची चिठ्ठी हवी. 'एक्स' त्याहून कडक: कुलपात ठेवायचं, चिठ्ठी दोन प्रतींत. निव्वळ कोडीनला तर नार्कोटिकचा कायदा. पण तेच थोडंसं सिरपमध्ये मिसळलं की तेव्हा साधं एच.

लातूरला आमचे साहेबही तेच म्हणाले. "एचचं सिरप आहे. नोटीस द्या आणि मोकळे व्हा."

"साहेब, प्रतवारी बाटली बघून केलेली आहे. मी झोळी बघून आलोय."

"म्हणजे?"

"माझ्या आईच्या वेळी झोळ्या रडायच्या."

साहेबांनी दुकानाचं लायसन्स सस्पेंड करायच्या कागदावर सही केली. बायांना पाजायला सुट्टी द्यावी, हजेरी कापू नये, म्हणून तहसीलदारांनाही स्वतः फोन लावला. नुसतं दुकान बंद करून भागलं नसतं. बायांनी दुसरं शोधलं असतं.

पुढं त्या रस्त्यानं पुन्हा गेलो, तेव्हा हनीफभाईंनी लांबूनच जीप हळू केली. "सुना साहब?"

हातोड्यांच्या वर चढून रडणं ऐकू येत होतं. शेवंताचं पोरगं सगळ्यांत मोठ्यानं. गंगाबाई मला बघून ओरडली, "बघा, डोकं उठवून ठिवलंय तुमच्या लाडक्यानं!"

औषध कुठल्या शेड्यूलमध्ये आहे ते बाटलीवर छापलेलं असतं. ते कुणाच्या तोंडात जातं ते उन्हात उतरून बघावं लागतं.

त्या दुष्काळात आमच्या नव्या ऑफिसनं काय केलं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो: खडीवरची पोरं पुन्हा रडू लागली.