बर्गनला आमचं हॉटेल बुक होतं

चहा पीत पीतच ऐका, म्हणजे हे सांगताना मला तुमच्या चेहऱ्याकडे बघावं लागणार नाही. माणूस गाढवपणा करतो तो आपल्या गल्लीत करतो, फार तर तालुक्यात. मी तो नॉर्वेत जाऊन केला. तोही चार महिने आधीपासून नियोजन करून.

दोन हजार चार सालची गोष्ट. वसईजवळ उमेळ्याला आमचा फ्लॅट, मी सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. आमच्या सुनंदाचं माहेर चांदीपचं. तिथली थोडी जमीन विकली गेली आणि भावांनी तिचा वाटा न मागता घरी आणून दिला. मला वाटलं, आता ही स्वयंपाकघराच्या लाद्या बदलू म्हणेल. तर म्हणाली, "मला मध्यरात्रीचा सूर्य बघायचाय."

"कुठला?"

"नॉर्वेचा. सातवीत भूगोलाच्या बाईंनी सांगितलं होतं, तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तेव्हापासून डोक्यात आहे."

तीस वर्षं संसार झाला होता आमचा. हिच्या डोक्यात नॉर्वे आहे याचा मला पत्ता नव्हता.

आता सरळ एखाद्या टूरवाल्याकडे जायचं, झेंड्यामागे चालायचं, सकाळी पोहे खायचे आणि परत यायचं. पण मी पडलो फाईलवाला माणूस. मी म्हटलं, छे, आपण आपलं जाऊ. ऑस्लोपर्यंत विमान, तिथून डोंगरातून जाणारी रेल्वे, बर्गनला दोन दिवस हॉटेल आणि मग उत्तरेकडे जाणारी बोट. सगळं माझं मी बुक करणार. निळी फाईल केली, तिला अनुक्रमणिका केली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी डाबरे सर एकदा चर्चच्या लोकांबरोबर रोमला जाऊन आले होते. ती फाईल बघून ते म्हणाले, "राऊत, एवढी तयारी आमच्या फादरांनीपण केली नव्हती."

मी मान तुकवली. मनात म्हटलं, अजून तुम्ही काय बघितलंय.

तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर नव्हते. वसई स्टेशनजवळ सायबर कॅफे होता, तिथे मी शनिवारी संध्याकाळी जाऊन बसायचो. बर्गनच्या हॉटेलांची यादी सापडली, त्यात एक नाव आवडलं: हाउगेन. लाकडी घर, स्टेशनपासून जवळ, बोटीच्या धक्क्यापासूनही जवळ. ईमेलचा पत्ता वहीत उतरवायला घेतला, तर 'हाउगेन'च्या आधी एक लांबलचक शब्द आणि मग आडवी रेघ. शब्दाची सुरुवात होती 'पेन्शन'सारखी. पेन्शोनात, असं काहीतरी.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ तुम्ही काय लावला असता? मी म्हटलं, हा पेन्शनर लोकांसाठी वेगळा पत्ता दिसतो. काहीतरी सवलत असणार. पण मला निवृत्त व्हायला दोन वर्षं होती. परदेशी माणसाशी पहिल्याच पत्रात खोटं बोलायचं? मनाला पटेना. मी तो शब्द आणि पुढची रेघ गाळून टाकली आणि उरलेल्या पत्त्यावर पत्र पाठवलं.

प्रामाणिकपणाने माणूस किती गोत्यात येऊ शकतो बघा.

पत्र मी अगदी ऑफिसच्या इंग्रजीत लिहिलं. आपल्या आदरातिथ्याबद्दल आम्ही फार ऐकून आहोत, सबब मी व पत्नी मुंबईहून जून महिन्यात येत असून, दोन दिवसांसाठी खोली तयार ठेवावी. मुंबई आपली लिहायची म्हणून लिहिली. वसई त्यांना कुठे सापडणार?

पुढच्या शनिवारी उत्तर हजर. 'प्रिय मिस्टर राऊत, मुंबईहून पत्र आलं, किती आनंद झाला म्हणून सांगू. खोली तयार आहे. जरूर या. इंग्रिड हाउगेन.'

बघितलंत? मालकीण स्वतः लिहिते. मी सुनंदाला म्हटलं, याला म्हणतात सर्व्हिस.

मग माझी भीड चेपली. दर शनिवारी एक पत्र. खोली रस्त्याच्या बाजूची नको. जिने चढायला लागू नयेत, गुडघा दुखतो. उशा दोन, त्यातली एक कडक. बाथरूममध्ये बादली आणि प्लास्टिकचा मग हवा. बीफ चालणार नाही. सकाळी सहाला चहा, दूध घालून उकळलेला, दूध वरून ओतलेला नव्हे. स्टेशनवर घ्यायला माणूस पाठवावा, हातात माझ्या नावाची पाटी असावी. आणि ती बाई प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. 'बादली घरात नाही, पण आणून ठेवते,' असंसुद्धा लिहिलं तिने.

शेवटी मी खोलीचं भाडं विचारलं. उत्तर आलं, 'पैशांचा विषय काढलात तर मला वाईट वाटेल.'

सोसायटीत ही बातमी मी स्वतःच पसरवली. डाबरे सर म्हणाले, "फुकट? हॉटेलवाले?"

"पत्र लिहिता आलं पाहिजे, सर," मी म्हटलं.

त्यानंतर दोन महिने लोक माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला येत होते. पाण्याच्या टँकरचा अर्ज, नातवाच्या शाळेचा अर्ज. मी भाव खाऊन लिहून देत होतो. फक्त सुनंदा अधूनमधून म्हणायची, "अहो, पण फुकट कोण ठेवून घेतं?"

"भारतातलं पहिलं गिऱ्हाईक असेल. जाहिरात होते त्यांची."

तर असे आम्ही निघालो. ऑस्लो व्यवस्थित पार पडलं. तिथून सात तासांची रेल्वे, जूनमध्ये खिडकीबाहेर बर्फ, सुनंदा काचेला नाक लावून बसलेली. मी फाईल बघून पुढचं स्टेशन सांगत होतो. एकही चुकलं नाही.

बर्गनला उतरलो. फलाटावर एक उंच, सडपातळ म्हातारी उभी. पंचाहत्तरीच्या घरातली. हातात पुठ्ठा, त्यावर लाल अक्षरांत माझं नाव आणि कोपऱ्यात एक फूल काढलेलं. मी खूश. पुढे झालो आणि मोठी बॅग तिच्या हातात दिली.

सुनंदाने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं की काही विचारू नका. म्हातारीने सुनंदाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मला वाटलं, तिकडची स्वागताची पद्धत असेल.

चढावर पांढरं लाकडी घर. पाटी नाही. मी म्हटलं, भारी हॉटेलांना पाटी लागत नाही. काउंटर नाही, रजिस्टर नाही, दारात चपलांचा स्टँड. खोली मात्र खालच्याच मजल्यावर, मागच्या बाजूला. दोन उशा, एक कडक. बाथरूममध्ये निळी कोरी बादली, किमतीचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.

मी खोलीची किल्ली मागितली. ती म्हणाली, "या खोलीला किल्लीच नाही."

"बाकीचे पाहुणे किती आहेत?"

"तुम्हीच दोघं."

ती गेल्यावर सुनंदा हळूच म्हणाली, "अहो, हे मला कुणाचंतरी घर वाटतंय."

"इकडची छोटी हॉटेलं अशीच असतात. घरगुती." आणि मी हँगर कमी आहेत हे फाईलमध्ये टिपून घेतलं.

सात वाजता जेवायला बोलावलं. बाहेर ऊन आपल्याकडच्या चारच्या उन्हासारखं. टेबलावर ताटं तीन. उकडलेले बटाटे, मटार, पाव, चीज. भिंतीवर टोपी घातलेल्या एका गोऱ्या माणसाचा फोटो. म्हातारी आमच्यासमोर बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "आता सांगा. ओलाफ तुम्हाला कुठे भेटला होता?"

मला वाटलं, ओलाफ म्हणजे इथला मॅनेजर असणार. "अजून भेटले नाहीत," मी म्हणालो. "आज ड्यूटीवर नाहीत का?"

ती भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली, "ओलाफ माझा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली."

आणि मग तिने सांगितलं. ओलाफ बोटीवर खलाशी होता. मुंबई बंदरात कितीतरी वेळा उतरलेला. तिथल्या माणसांबद्दल खूप बोलायचा. "तुमचं पत्र आलं मुंबईहून. आमच्या आदरातिथ्याबद्दल ऐकलंय असं लिहिलं होतं तुम्ही. मी म्हटलं, ओलाफशिवाय कोण सांगणार? इतक्या वर्षांनीसुद्धा तिकडे कुणीतरी त्याची आठवण ठेवून आहे."

हॉटेल नव्हतंच ते. चार महिने मी एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच घरात बादली आणायला लावत होतो.

तिथेच खरं सांगायला हवं होतं. सुनंदा टेबलाखालून पायाने तेच सुचवत होती. पण ती बाई इतक्या आशेने माझ्याकडे बघत होती की माझ्या तोंडून निघून गेलं, "हां हां, ओलाफ म्हणजे आपला ओलाफ. माझं इंग्रजी जरा कच्चं आहे. भेटलो ना. अर्नाळ्याला."

अर्नाळा का? मला विचारू नका. खलाशी म्हटल्यावर होड्या आठवल्या, होड्यांवरून अर्नाळा. आणि एकदा गाडी उतारावर लागल्यावर थांबते होय? मी सांगत सुटलो. समोर किल्ला कसा दिसतो, वाळूत आम्ही कसे बसलो. "त्यांनी चार पापलेटं खाल्ली. तळलेली. वर बोंबील. निघताना आम्ही सुकट बांधून दिली."

सुनंदाने डोळे मिटून घेतले होते.

म्हातारी हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होती. माझं झाल्यावर शांतपणे म्हणाली, "मिस्टर राऊत, ओलाफ आयुष्यभर मासा खात नव्हता. खलाशी असून. वासानेच त्याला मळमळायचं."

"आमच्याकडचं पापलेट वेगळं असतं," मी म्हटलं.

"पुरे आता," सुनंदा मराठीत म्हणाली. "फाईल आणा."

मी उठलो, खोलीतून निळी फाईल आणली, हॉटेलच्या यादीचं पान काढून म्हातारीपुढे ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. पत्ता, गाळलेला शब्द, सगळं. तिने चष्मा लावला.

"पेन्शोनात म्हणजे छोटं हॉटेल," ती म्हणाली. "तुम्ही 'हॉटेल' हाच शब्द गाळलात. उरलं फक्त हाउगेन. ते मी."

"मला वाटलं, पेन्शनर."

ती उठून आत स्वयंपाकघरात गेली. पाठमोरी उभी होती आणि खांदे हलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनंदा धावत तिच्यामागे गेली. मी एकटाच टेबलाशी, समोर ओलाफचा फोटो. त्याच्या नजरेला नजर देववेना. आणि मग आतून आवाज आला. दोघी हसत होत्या.

डोळे पुसत बाहेर येऊन ती म्हणाली, "ते हॉटेल दोन गल्ल्या सोडून आहे. फोन करू का? तुम्हाला काही बोलणार नाही मी."

सुनंदाने विचारलं, "आम्ही इथेच राहिलो तर चालेल? आणि आता तुम्हीच आम्हाला ओलाफबद्दल सांगाल?"

मग ती बोलत राहिली आणि आम्ही ऐकत राहिलो. ओलाफ मुंबईत मासे खात नाही म्हणून केळ्यांवर दिवस काढायचा. एकदा तर सुकवलेली केळी घेऊन आला होता. काळसर, चिकट, कसल्याशा वाळक्या पानात बांधलेली. "इतकी गोड होती," ती म्हणाली. "तो त्यांचं नाव सांगायचा. मी विसरले."

सुनंदा उठली. आमच्या पिशवीतून वसईच्या बाजारातली सुकेळी काढून आणली, प्रवासात तोंडात टाकायला घेतलेली. तशीच पानात बांधलेली. टेबलावर ठेवली. म्हातारीने दोरा सोडला, पान नाकाशी नेलं, आणि मग मात्र खरंच रडली.

अर्नाळ्याच्या एवढ्या थापा मी मारल्या. त्या पिशवीकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

रात्री झोपायला जाण्याआधी मी पुन्हा एकदा माफी मागितली, त्या मागण्यांबद्दल. ती म्हणाली, "उशी किती कडक हवी ते हॉटेलवाल्याला कुणी लिहीत नाही. एवढ्या हक्काने घरचीच माणसं मागतात. म्हणून तर मला शंका आली नाही. आता घरचे ठरलातच, तर घरच्यांसारखे राहा." आणि खुंटीवरचा फुलाफुलांचा एप्रन काढून माझ्या गळ्यात घातला.

उमेळ्याला मी कपसुद्धा विसळलेला नव्हता. तिथे दोन दिवस रोज तीन वेळची भांडी घासली. सुनंदाने फोटो काढला. त्यानंतर बोट झाली, मध्यरात्रीचा सूर्य झाला, सुनंदा डेकवर उभी राहून तो बघत होती तेही मी बघितलं. चार रोल संपवले आम्ही. पण परत आल्यावर तिने मोठा करून हॉलमध्ये लावला तो तेवढा एकच फोटो. परदेशी स्वयंपाकघर, समोर ताटांचा ढीग आणि एप्रन घातलेला मी.

परवा तळमजल्यावरचे नवे भाडेकरू ओळख करून घ्यायला आले होते. फोटोपाशी थांबले, निरखून बघितलं आणि अगदी आदराने विचारलं, "काका, तिकडे कुठल्या हॉटेलात होतात कामाला?"