कान साफ केलेला माणूस

शी! आठवलं तरी शिसारी येते.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. पांडेसऱ्याला आमच्या गल्लीत रविवारी मगन यायचा, कान कोरणारा. डोक्याला लाल फडकं, फडक्यात खोचलेली सळई, आणि नखं? बाई गं! त्या नखांत आख्ख्या सुरतेचा मळ. तरी लूमवर, कापडाच्या मागावर, जाणारे आमचे बाप्ये त्याच्यापुढं रांगेनं बसायचे. निघालेला मळ पेपरच्या तुकड्यावर मांडायचे आणि कुणाचा मोठा ते बघायचे. त्यात आमचे हे पहिले.

हे, म्हणजे आमच्या नूतनचे बाबा, खानदेशातले, शिंदखेड्याकडचे. मिसरूड फुटायच्या आधी सुरतेला आले आणि लूमवरच उभे राहिले. त्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठ बघून बोलतात. घरीही तेच. हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. नव्या लग्नात मला वाटायचं, काय ते प्रेम! कसलं प्रेम न कसलं काय. माणूस बहिरा होत चालला होता. मी पाठमोरी बोलले की नुसतं "काय शे? काय शे?" चालायचं.

कान भरलाय, हे यांचं ठाम मत. लूमवरचा कापूस उडतो, कानात जातो, त्याचा मळ होतो. मळ काढला की ऐकू येतं. मगनही दर वेळी वाटाण्याएवढा गोळा काढून दाखवायचा. एकदा मी जवळ जाऊन बघितलं, तर मेला बोटांच्या बेचक्यातून गोळा सरकवत होता! काळं मेण होतं ते. मी बोंबलले, तर हे माझ्यावरच डाफरले. "मंग माले हलकं कसं वाटतं?"

त्या हलक्याच्या नादात एकदा "अजून आत, अजून आत" झालं आणि सळई पडद्यातून आरपार गेली. डावा कान वाहायला लागला. पू, आणि त्याला असा वास की शेजारी बसून घास उतरेना. उशीचा अभ्रा चिकट. मी धुवायची आणि ओकारी दाबायची. बायको झाली म्हणून किळस येत नाही, असं थोडंच असतं?

शेवटी ओढत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चित्र काढून समजावलं. कानाची वाट वाकडी असते, किडा-काडी सरळ पडद्यावर जाऊ नये म्हणून. मळ चिकट असतो, धूळ-कापूस तिथंच अडकावा म्हणून. आणि तो आपला आपण बाहेर येतो. ऐकण्याचं खरं काम खूप आत, शंखासारख्या जागेत. तिथं बारीक केस हलतात, तेव्हा आवाज कळतो. लूमच्या दणक्यानं ते आडवे झाले की पुन्हा उभे राहत नाहीत.

"म्हणजे मळाचा काही संबंधच नाही?" मी म्हटलं.

"नाही. उजव्यात थोडं ऐकणं शिल्लक आहे, तेवढं जपा. कामावर बोळे घाला. आणि सळई कानाजवळ आणू नका."

हे डॉक्टरांच्या ओठांकडे बघून मान हलवत होते. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "बघ, डॉक्टरबी मळाचंच म्हणत होता!" मी कपाळाला हात लावला. घरी जाऊन परत परत सांगितलं, समोर बसून, तोंड वेडंवाकडं करून. कळलं म्हणाले.

रविवारी भाकरी थापून बाहेर आले, तर हे गल्लीच्या तोंडाशी मगनपुढं बसलेले. उजवा कान वर करून!

"अहो! अहो!" करत मी पिठाच्या हातानं धावले. सळई कानाशी गेली. माझ्या तोंडून नाव निघालं. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं.

"दगाऽऽ! ऊठ!"

मगनच्या हातातली सळई खाली पडली. रांगेतले बाप्ये वळले. दारादारांतून बायका बाहेर आल्या, एकीनं तर तोंडाला पदर लावला. मगन सळई उचलून पळाला. हे मात्र डोळे मिटून, मान वाकडी करून, तसेच बसून होते.